डावा हात खिशात

भद्रकालीच्या भंगारातून दोन उचलले.
पोरं फ्लायबॅक म्हणतात,
निमसेकाका ईएचटीच म्हणायचे.
एकावर कुणाच्यातरी देवघराची काजळी.

जोडले. शुकशुकाट.
एक चढवायचा तेवढं दुसरा उतरवायचा,
वाटणीला बसलेल्या भावांसारखे.

स्विच बंद. साठलेलं जमिनीत सोडलं,
एकाच्या प्रायमरीची टोकं उलटवली.

मग सिडकोतल्या गच्चीवरच्या खोलीत
बोटभर जांभळी जीभ, चरचर,
झेरॉक्सच्या दुकानाचा वास.

मी एकट्यानेच "आली" म्हणालो.

डावा हात खिशात, त्यांनी लावलेली सवय:
"दोन्ही पुढे केलेस
की वाट छातीतून जाते, दिलीप."

बोटांना त्यांच्या दुकानाची किल्ली लागली.
तिथे आता मोबाईलची कव्हरं.
कुलूपही बदललं असेल.