साडेसहा मिनिटं

आज शनिवार. ओनोदेरा आले नाहीत.
मागचा शनिवारही तसाच गेला.
दुपारी त्यांच्या सुनेचा फोन. तोकुजीनं वस्तरा पुसला,
ओतारूच्या चढावरचं दुकान लवकर बंद केलं
आणि मागच्या खोलीत पाणी उकळायला ठेवलं.

अंडी दोनच. फ्रिजमधली, गार.
चमच्यानं अलगद सोडायची, नाहीतर तडकतात.
साडेसहा मिनिटं,
म्हणजे दाढीची एक बाजू,
गिऱ्हाईक गप्पिष्ट नसेल तर.

मग बर्फाचं पाणी. मग सोलणं.
कवच निघतं, पापुद्रा निघतो,
अंगठ्याखाली ओलं, मऊ, गालासारखं काहीतरी,
आणि एवढ्या गुळगुळीतावर
करायला काहीच उरत नाही.

सोया, मिरिन, चिमूटभर साखर,
जॅमची जुनी बरणी.
अंडी तरंगतात, माथ्यावर पांढरी राहतात,
म्हणून कागदी रुमालाची घडी
त्याच रसात भिजवून वरून पांघरायची,
गरम टॉवेल ठेवतो तशी.
इथं त्याचा हात थांबला.

रात्रभर मुरू दे.

सकाळी दोऱ्यानं एक कापलं.
बलक वाहिला नाही,
घट्ट होता होता मधासारखा थबकलेला.
चव घेतली. मीठ जरा पुढं.

दुसरं बरणीतच.
हॉस्पिटलात खारट चालणार नाही, ठाऊक होतं.
तरी झाकण गच्च फिरवलं,
पिशवीत ब्रश, साबणाची वाटी, वस्तरा,
आणि बरणी उभीच राहील अशी
मधोमध ठेवली.