अर्धा तास मागे

नव्या पेठेत तेजूमलचं दुकान, अडीच हात रुंद.
डाव्या डोळ्याला भिंग,
पूर्व भागातल्या बायकांशी तेलुगूत घासाघीस.
शिकारपूरहून आला तेव्हा म्हणे
खिशात एक चिमटा होता,
आणि बोटांत सोन्याची पारख.

गिरणीच्या भोंग्यावर तो गावाची घड्याळं लावायचा.
भोंगा थांबला,
तशी घड्याळं येईनाशी झाली. डोरली येऊ लागली.
आईचंही आलं.
त्यानं तोललं, चिठ्ठी लिहिली,
वितळवलं मात्र नाही.
सहा वर्षं पडून होतं
कुणाच्या तरी बिनकाट्यांच्या घड्याळात.

सोडवायला मी गेलो.
म्हटलं, काका, वरचं घड्याळ अर्धा तास मागे आहे.

भिंग न काढताच म्हणाला,
बरोबर आहे ते.
इथलं नाही.