उशिरा पिकणारी

आरबँ गावात ऑक्टोबर उजाडतो तेव्हा
बाकीच्या वेली मोकळ्या झालेल्या असतात,
टोपल्या धुऊन भिंतीशी पालथ्या घातलेल्या.
एक हीच अडून बसते.
मोंदूज.
सगळ्यांच्या पंगती उठल्यावर
निवांत पान मांडून घेणाऱ्या मावशीसारखी.

आँतेल्म रोज संध्याकाळी चढ चढून येतो,
गुडघ्यावर हात टेकत.
एक काळा मणी तोडतो, चावतो,
बी दाताखाली कडकन फुटते का बघतो,
थुंकतो.
"अजून कच्ची," म्हणतो,
कुणाला तरी ऐकू जावं अशा आवाजात,
बहुधा डोंगराला.
डोंगरावरचं बर्फ कालच्यापेक्षा बोटभर खाली आलेलं.

हा उतार म्हणजे त्या डोंगराचाच चुरा.
पायाखाली चुनखडीच्या ठिकऱ्या कुरकुरतात.
दिवसभर ऊन पितात,
रात्री वेलीच्या बुंध्याशी थोडं थोडं परत करतात,
व्याज न लावता.
खाली इझेर नदी, राखी, दुधाळ,
कायम कुणाच्या तरी गावाला निघालेली.

मधे एकदा गावात सल्लागार आला होता.
इस्त्रीचा सदरा, हातात तक्ता.
उशिराचं काढा, लवकरचं लावा,
थंडीशी जुगार कशाला?
लोकांना पटलं. पटण्यासारखंच होतं.
त्या हिवाळ्यात चुलींत जुने बुंधे जळले,
धूर गोडसर होता, आँतेल्मला आठवतं.
ही एक ओळ वाचली
ती काही कुणाच्या शौर्यानं नाही.
आँतेल्मची आत्या फिलिबेर्त
तिचं खेचर इथल्या खांबाला बांधायची,
आणि ते खेचर चावायचं.
घराण्याचा इतिहास एवढाच.

मग कितीतरी वर्षांनी, मे महिन्यात,
माँपेलिएहून एक मुलगी आली,
पाठीवर पिशवी, हातात चिमटा.
चार कोवळी पानं घेऊन गेली.
पुढच्या मे महिन्यात पत्र आलं:
ही नदी जिथे ऱ्होनला मिळते
तिथल्या उन्हाच्या टेकड्यांवर जी पिकते,
जिला अर्धं जग शिराझ म्हणून ओळखतं,
ती तुमच्या वेलीच्या रक्ताची.
सावत्र बहीण असेल, नाहीतर नात.
नक्की सांगता येत नाही, क्षमस्व.

आँतेल्मनं पत्र दोनदा वाचलं,
घडी घालून बियाण्याच्या पावत्यांत ठेवलं.
"एवढी मोठी झाली," म्हणाला,
"आणि एकदा चिठ्ठी नाही."

तळघरात तो मला गेल्या वर्षीची ओततो.
जांभळी, पेल्याच्या काठाशी निळी शाई फुटल्यासारखी.
अंगानं सडपातळ.
डोक्यात जात नाही, जिभेच्या कडा धरून बसते.
आधी व्हायोलेटची फुलं,
मग आंबट चेरी, बिया चोखल्यावर उरते तशी,
मग मिरी.
आत्ता भरडलेली, ठसका लागेल अशी मिरी.

आमच्याकडे मिरीचा वेल सुपारीवर चढतो,
घामानं भिजलेल्या हवेत.
या खोऱ्यानं तो सात जन्मांत पाहिलेला नाही.
मी विचारलं, ही कुठून आली?

तो बराच वेळ पिंपाची चावी पुसत राहिला.
"उन्हात गोडवा येतो. तो कुणालाही येतो.
आणि हिला इथे थंडीत महिनाभर जास्त
उभं राहावं लागतं.
तू उभा राहून बघ.
तुझ्याही तोंडून गोड निघणार नाही."

मग हसला. दात जांभळे.
बाहेर अंधार पडला होता, श्वासाची वाफ दिसत होती.
दारातल्या दगडी कुंडात त्यानं दोन्ही पेले विसळले.
पाणी तांबूस झालं,
कुंडाच्या काठावरून सांडलं,
ठिकऱ्यांमधून वाट काढत
उताराला लागलं, इझेरकडे.

तो बघत उभा होता.
"उद्या परत एक मणी," म्हणाला,
आणि दिवा मालवला.