फॉरेनचं घर

प्रयाग गाडी चालवते. मी शेजारी बसून
खड्डे सांगतो, ती ऐकत नाही.
पहाटे पाचला लातूर सोडलं. डिकीत
सिमेंटची अर्धी गोणी, बिजागऱ्या, करडईचं तेल
आणि तिचं शिवणयंत्र,
कारण तिकडच्या खिडक्यांना अजून पडदे नाहीत.

गल्लीत कुणी विचारलं की आम्ही सांगतो,
फॉरेनला चाललाव.
कोपऱ्यावरचे बिडवे खरंच जातात, टोरांटोला पोरीकडं,
सहा महिन्यांच्या गोळ्या बांधून घेऊन.
आमचं फॉरेन एका टाकीत जाऊन येऊन होतं,
वाटेत नळेगावला चहा,
उदगीरला टायरमध्ये हवा.

मी भूमी अभिलेखातला.
एकतीस वर्षं साखळी ओढली, खुणेचे दगड पुरले.
एका बाभळीपायी दोन भाऊ कोर्टात म्हातारे झाले
ते बघितलं. निकालाआधी बाभूळ वाळली.
म्हणून देगलूर मागं पडलं की
मी काच खाली करतो आणि शोधत बसतो,
नेमकी कुठं?
तीच काळी माती, तेच सोयाबीन,
बांधावर बसलेली तीच कंटाळलेली म्हैस.
कुठल्या सरीवर संपतं आपलं राज्य?
मला एकही दगड दिसलेला नाही आजवर.

मग पाटीवरची अक्षरं एकदम गोल होतात.
'जिलेबीचं दुकान आलं,' प्रयाग म्हणते, दर खेपेला.
मोबाईल दोनदा थरथरून स्वागत करतो
आणि माझ्यातला सरकारी माणूस
उगाच शर्टाचं वरचं बटण लावतो.

घर म्हणजे दोन खोल्या, वर पत्रे.
एका रिटायर कालवा-निरीक्षकाकडून घेतलं,
माझ्या फंडात तेवढंच बसलं.
पण दारातून निजामसागर दिसतो,
पलीकडचा काठ दिसत नाही.
नर्सिमलू किल्ली घेऊन उभा असतो.
त्याला मराठी येत नाही, आम्हाला तेलुगू.
तिघं मिळून दखनी मोडतो
आणि वाटून खातो.

संध्याकाळी प्रयाग दगडावर बसली, पाय पाण्यात.
'हे आपलंच की.'
'काय?'
'पाणी. मांजराचं. आपल्या पुलाखालून आलेलं.'

मला आमचा नळ आठवला.
बारा दिवसांनी येणारा, रात्री अडीचला.
उशाशी लावलेला तिचा गजर,
हंडे, बादल्या, पातेली,
शेवटी शेवटी तर वाट्यासुद्धा मांडायची ती ओळीनं.
आणि हे इथं एवढं निवांत पसरलेलं,
ना मोजणी, ना फेरफार,
सातबाऱ्यावर कुठं नोंद नाही.
मी काही बोललो नाही.
नर्सिमलूचं कुत्रं आलं, तेच पाणी
चपचप पिऊन गेलं.

चार दिवसांनी परत. देगलूरच्या अलीकडं
एका पोरसवदा शिपायानं हात केला.
तिकडून बाटल्या येतात इकडं,
त्याचंही बरोबरच होतं.
डिकी उघडली. शिवणयंत्र, रिकामी गोणी,
आणि पडद्याच्या उरल्या कापडात गुंडाळलेला
पाच लिटरचा कॅन,
जो मला माहीत नव्हता.

त्यानं बूच काढून वास घेतला.
परत घेतला.
'काय हाय?'
'पाणी.'
'तिकडून पाणी आणलालाव?'
स्टेअरिंगवरचा हात न काढता प्रयाग म्हणाली,
'आमचंच हाय, बाबा. घरी न्यायलालाव.'

तो हसला नाही.
बूच आवळलं, कॅन आडवा होऊ नये म्हणून
शिवणयंत्राला टेकवून ठेवला
आणि डिकी हळूच लावली,
आत कुणी झोपलं असावं तशी.

नळेगावपर्यंत मागं ते हिंदकळत होतं.
मी खड्डे सांगत होतो.
ती ऐकत होती.