झाकण

रात्री दहाला वीज स्वस्त होते,
म्हणून आमचं उजाडतंही दहालाच.
मुसळगावात गेटाशी गाडी लावतो,
डबा खुंटीला, हेल्मेट डोक्याला,
आणि मीटरचा आकडा वहीत.
नमस्कार त्यानंतर.

भंगारात आज फ्रिजची दारं, सायकलींच्या चौकटी,
रसवंतीच्या चरकाचं एक दातेरी चाक
आणि कुणाच्या तरी गेटवरची पाटी: ‘कुत्र्यापासून साव’,
पुढचं गंजानं खाल्लेलं.
सुखलाल महतो एकेक नग निरखून आत सोडतो.
ओलं काही गेलं की उडतं.

टनाला सहाशेवीस युनिट,
आठ टनांची एक हीट.
घरी हे सहज बोललो, तर मनालीनं
आमचं लाईटबिल पुढं ओढलं,
महिन्याला त्र्याऐंशी,
पेन्सिलीनं भागाकार केला.
‘पप्पा, तुमच्या एका हीटमध्ये
आपली पाच वर्षं जातात.’
फ्रिज धरून?
फ्रिज धरून.

तेव्हापासून मला झाकणाचं वेड लागलंय.
नमुना काढला, झाकण.
मळी काढली, झाकण.
पोरं हसतात, सांगळेभाऊंनी
भट्टीवर दूध तापत ठेवलंय म्हणतात.
हसू देत.
उघड्या तोंडातून जे लाल वर जातं
ते मी आता महिन्यांत मोजतो:
हा गेला श्रावण,
हा भाद्रपद.

परवा पावणेतीनला लाईन ट्रिप झाली.
भट्टीचा घुमारा मधेच तुटला,
डिझेलवरचा पंप तेवढा पाणी फिरवत राहिला.
आत सात टन, पातळ.
गोठलं तर लोखंडासकट अस्तर फोडायचं.
सुखलालनं कुणी न सांगता झाकण ओढलं
आणि जवळच उकिडवा बसला,
आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसा.

बावीस मिनिटं.

एवढ्या अंधारात मला आमचे दादा आठवले.
एकलहऱ्याला कोळशाच्या वाघिणी रिकाम्या करायचे,
आंघोळीचं पाणी काळं वाहायचं मोरीतून,
आणि खोलीत आमच्या
तेव्हा कंदील होता.
काच रोज मी पुसायचो.

लाईन आली.
झाकण सरकवलं, तर खाली पिवळं, जिवंत.
सत्तर अंश उतरलं होतं, फक्त सत्तर.
सुखलाल म्हणाला, चहा?

वहीत लिहिलं:
ट्रिप, बावीस मिनिटं.
जादा युनिट, एकशे ऐंशी.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं सुचेना.
‘झाकण होतं’ असं लिहिलं
आणि सही केली.