रिलीव्हर

उद्यमबागेतली भट्टी सकाळी सातपर्यंत माझी.
शिवपुत्र आला नाही तर आठपर्यंत, नऊपर्यंत.
रसरशीत लोखंड सोडून कुणी घरी जात नसतं.

ओहायोचा डेल आमच्याकडून पंपांची कवचं घेतो.
त्यांच्या कागदावरच्या खेळात बारावा गडी कमी पडला,
म्हणाला, तू ये.
बेसबॉल मी जन्मात बघितला नाही,
खरं आकडे कळतात.
भट्टीवर यायच्या आधी सात वर्षं कास्टिंग तपासायला होतो.
हातोडी टेकवली की चांगलं कवच घंटेगत वाजतं,
तडा असला की बद्द.

त्यांच्यातही रिलीव्हर असतो.
पहिल्याचा हात भरून आला की येतो,
पंधरा-वीस चेंडू टाकतो, जातो.
नवव्या डावात येऊन कुलूप लावणारा सगळ्यांना हवा.
तीन धावांची आघाडी, तळ रिकामे,
गार झालेल्या मालावर खडूची खूण करावी, एवढंच काम.
त्याचे गुण मिळतात.

मी सातव्या डावातला शोधतो.
वेग बघत नाही, वेगवान ढीगभर आहेत.
फुकटचे तळ किती दिले, ते बघतो.
काल टाकलं होतं का? परवा?
तिसऱ्या दिवशी हात खोटं बोलत नाही.
आणि हे : तो आला तेव्हा तळांवर तिघं उभे,
तिघंही आदल्यानं चढवलेले.
घरी पोचले तर आदल्याच्या नावावर,
अडवले तर कुणाच्याच नाही.
त्यांच्या तक्त्यात तो रकानाच नाही.

आमच्या लॉगबुकात तरी कुठाय?
फुटली दोन कवचं की माझं नाव,
न फुटलेली शंभर नुसतीच ट्रकात चढतात.

सात वीस. हातमोजा काढून फोन बघतो,
तिकडं सातवा डाव, माझा माणूस मैदानात येतोय.
इकडं चौथ्या गेटावर गाडी अडली असणार.
तेवढ्यात सायकल भिंतीला आपटल्याचा आवाज.

"एष्टैती?"
"चौदाशे वीस. कार्बन कमी पडलाय. चुकलं माझं."
"इरली," म्हणतो शिवपुत्र,
आणि कुणी चुकवलं ते न विचारता
पोत्यातनं मूठ-मूठ मोजायला लागतो.

मग चष्मा डोळ्यांवर ओढता ओढता,
"तुझी ती टीम कितवी रे?"
"अकरावी."
"कितींत?"
"बारा."
हसला. भट्टीकडं वळला.
फोन खिशात तसाच राहिला.