सहा घाणे

अंगठी निघत नव्हती.
चौतीस वर्षं कणकेत मुरलेलं बोट.
साबण झाला, सूर्यफुलाचं तेल झालं,
शेवटी नातेलाने, सुनेने, दोरा गुंडाळून
वेढा वेढा उलगडत ती काढली,
आणि माझ्या हातात न देता
स्वतःच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली.
तेव्हा पोटात गोळा आला.
तोवर नव्हता.

तेलावीच्या डॉक्टरणीने तिबिलिसीची चिठ्ठी लिहिली होती.
मानेचा आणि डोक्याचा, म्हणाली, आतून फोटो.
काय दिसेल, मी विचारलं.
तेच तर बघायचंय, म्हणाली.
सरळ उत्तर.
झोप उडते ती सरळ उत्तरांनीच.

एप्रिलमधली गोष्ट. शोती भिंतीवरून ओढताना
डावा हात टेकला तोनेच्या तापल्या काठाला,
आणि मला आधी वास आला.
चटका नंतर कळला, तोही डोळ्यांना.
मग त्या हाताला कणीक कळेनाशी झाली.
उजवा म्हणायचा, पाणी कमी पडलंय.
डावा गप्प.

गोम्बोरीच्या घाटात मिनीबसवाल्या बादरीने
हात मागे करून पाव मागितला, नेहमीसारखा.
पिशवीत पाव नव्हता.
कागद होते, लोकरीचे मोजे होते,
आणि ओलिकोने दिलेली मेणबत्ती,
जाण्याआधी लावायची की आल्यावर,
हे ती सांगायची विसरली.

वाटभर नातेला मला श्वास शिकवत होती.
चार मोजून आत, सात मोजून धरायचा, आठ मोजून सोडायचा.
अगं पोरी,
मी दिवसाला दोनशेदा कमरेपर्यंत वाकते जाळाच्या तोंडात,
श्वास धरूनच. तिथे घेतला तर नाक पोळतं.
धरायचं मला शिकवू नकोस.
आठ मोजून सोडायचं काय म्हणालीस,
ते परत सांग.

दवाखान्यात फॉर्म.
बंद जागेची भीती वाटते का?
हो, नाही, दोनच चौकोन.
डोकं खाली घालून भोकात शिरणाऱ्या बाईला
काय वाटतं ते कुठल्या चौकोनात मावणार?
तिथे मी शिरते. इथे मला सरकवणार.
नाहीवर खूण केली.
मग वाटलं पुसावी, पण पेन होतं.

शेजारी रुस्तावीचा एक वेल्डर, सारखे खिसे चाचपत.
कधीतरी डोळ्यात लोखंडाचा कण गेला होता,
निघाला होता का, आठवत नव्हतं त्याला.
आत अंधार असतो का, मला विचारलं.
जणू मी तिथलीच.
माझ्या भट्टीत तरी नसतो, म्हटलं.
तो हसला, आणि परत खिसे.

चाळीस मिनिटं, आतला मुलगा म्हणाला. हलायचं नाही.
माझा एक घाणा साडेसहा मिनिटांचा.
म्हणजे सहा घाणे, वर एक मिनिट राख सावरायला.
एवढं जमेल.
पहिला शाळेचा.
दुसरा स्टँडवरच्या खानावळीचा.
तिसरा,
तिसऱ्याचं गिऱ्हाईक काही केल्या आठवेना.
बरंच झालं, शोधण्यात वेळ जाईल.

झोपवलं. कानांना फोम, तोंडावर जाळी.
हातात रबराचा एक गोळा दिला,
घाबरलात तर दाबा.
डाव्यात ठेवला होता त्याने.
उजव्यात दे, बाळा, म्हटलं.
सवयीने वजन केलं.
पन्नास ग्रॅमही भरला नसता.
एवढ्याशा गोळ्यात
एका माणसाचाही पाव होत नाही.

फळी सरकू लागली.
पाय बाहेर, डोकं आत.
मी मनातल्या मनात भिंतीवर
मिठाचं पाणी शिंपडलं.
चर्र झालं नाही.
थंड होती भिंत.
पहिल्या घाण्याला असतेच जराशी.